धर्मार्थ शर्यत आणि वाळत घातलेले भात

निवृत्त अधिकाऱ्याकडे लोक दोन कारणांनी येतात. एक, अर्ज कोणाच्या नावे लिहावा हे विचारायला. आणि दुसरे, त्या अर्जासाठी एक फोन करावा अशी विनंती करायला. तंजावूरला स्थायिक झाल्यापासून पहिल्या प्रकारच्या लोकांचे मी मनापासून स्वागत करतो. दुसऱ्या प्रकारच्यांना चहा देतो.

दीड वर्षापूर्वी नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी पाच तरुण आले, ते पहिल्या प्रकारचे वाटले. त्यांत एक सरकारी डॉक्टर होता, एक शारीरिक शिक्षणाचा शिक्षक, दोघे बंगळूरला नोकरी करणारे आणि एक इथल्याच मराठी कुटुंबातला. हा शेवटचा घरात तीनशे वर्षांपूर्वीच्या मराठीचे तमिळ वळण लागलेले रूप बोलतो आणि मला ‘काका’ म्हणतो. त्यांना शर्यत घ्यायची होती. डांबरी रस्त्यावरची नव्हे, मातीच्या वाटेवरची. धावणारे आणि डोंगरी सायकलवाले एकाच वाटेने जातील अशी. तंजावूरला डोंगर कुठला, असे मी विचारले. डोंगर नाही पण कालव्याचा बांध आहे, असे उत्तर मिळाले. तंजावूरहून ओरत्तनाडपर्यंत, जमेल तिथे बांधाने आणि उरलेले गावरस्त्यांनी, साधारण एकवीस किलोमीटर. जमा होणारा पैसा सर्पदंशाच्या कामाला द्यायचा.

उद्देश ऐकून मी वही उघडली. भाताच्या मुलखात सर्पदंश हा रात्री पाणी धरायला जाणाऱ्या माणसाचा आणि पहाटे कापणीला जाणाऱ्या बाईचा आजार आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने गेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दिला होता. लस आपल्याकडे आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालणारे औषध मुंबईची हाफकिन संस्था कित्येक दशके बनवत आली आहे. त्यासाठी लागणारे विष पुरवण्यात चेन्नईजवळच्या इरुळा आदिवासींच्या १९७८ साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेचा मोठा वाटा आहे. अडचण असते ती शेताच्या बांधापासून दवाखान्यापर्यंतच्या वेळाची, आणि त्याआधी, अंधारात पाय कुठे पडतो ते न दिसण्याची. डॉक्टरांची मागणी साधी होती : शेतमजूर कुटुंबांना हातातल्या बॅटऱ्या आणि दोन आरोग्य केंद्रांना श्वास देण्याची हातपंपासारखी उपकरणे. मण्यारीच्या विषाने श्वास थांबतो तेव्हा मोठ्या रुग्णालयापर्यंत माणूस जिवंत न्यायचा तर तेवढा एक पंप पुरतो.

मी त्यांना पहिला प्रश्न विचारला तो पैशांचा. चारशे स्पर्धक, प्रत्येकी आठशे रुपये, म्हणजे तीन लाख वीस हजार. आणि खर्च? त्यांनी तक्ता काढला. बनियन २२०, पदक ९०, वेळ मोजण्याची चिप १२०, खाणे ११०, मांडव, फलक, रुग्णवाहिका मिळून माणशी २००. बेरीज ७४०. म्हणजे सर्पदंशाच्या वाट्याला माणशी साठ रुपये, एकूण चोवीस हजार. खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. यात त्यांचा दोष नव्हता; अशा शर्यती जिथे तिथे याच हिशेबाने चालतात. उरले ते दान, हा त्यांचा शिरस्ता. शासकीय योजनांतही आस्थापनेवरचा खर्च आधी आणि लाभार्थी नंतर असेच होत असते, त्यामुळे मला तो तक्ता फार ओळखीचा वाटला.

इथे थोडे मागे जातो, कारण शर्यत जिथे संपायची होती त्या ठिकाणाचा या हिशेबाशी संबंध आहे. ओरत्तनाडला सरफोजीराजे दुसरे यांनी १८०२ च्या सुमारास उभारलेले मुक्तांबा छत्र आहे. १७९९ च्या तहाने तंजावूरचा कारभार कंपनीकडे गेला आणि राजांच्या हाती किल्ला आणि थोडा परिसर एवढेच राहिले. रामेश्वरच्या वाटेवरची छत्रे मात्र आपल्या देखरेखीखाली राहावीत म्हणून त्यांनी १८०१ मध्ये रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना पत्र लिहिले. प्रशासनात काम करणाऱ्या प्रत्येकाने ते पत्र एकदा वाचावे असे मला वाटते. त्यात स्तुती फार नाही, व्यवस्था आहे. जात आणि धर्म न विचारता शिजवलेले अन्न मिळते, ज्याला थांबता येत नाही त्याला कोरडा शिधा मिळतो, आजारी प्रवाशाला औषधपाणी मिळते, वाटेत पोरक्या झालेल्या मुलाला शिक्षकाच्या स्वाधीन केले जाते, बाळंत होणाऱ्या स्त्रीची काळजी घेतली जाते. छत्रात वैद्य असतो आणि त्याला विषारी प्राण्यांच्या दंशावरचा उपाय ठाऊक असावा लागतो, हेही त्यात आहे. या सगळ्याचा खर्च छत्रांना लावून दिलेल्या जमिनींच्या उत्पन्नातून होत असे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांनी तंजावूरला आल्यावर बृहदीश्वराच्या भिंतीवरचा १८०३ चा मराठी शिलालेख अवश्य पाहावा, सगळेच पाहतात. पण सवड असेल तर तासाभराच्या अंतरावरचे हे छत्रही पाहावे. पुढे त्या वास्तूत शाळा चालली.

तर, तक्ता बदलला. बनियन नाही, पदक नाही, चिप नाही. वेळ हातातल्या घड्याळाने आणि वहीत. खाणे वाटेवरच्या गावांतील बचत गटांच्या बायका ठरलेल्या दराने करतील. एक प्रायोजक फलकांवरच्या नावासाठी पैसे देणार होता. फलक नाहीत म्हटल्यावर त्याने माघार घेतली. पदक नाही हे कळल्यावर नोंदणीही मंदावली. चारशेच्या ठिकाणी ३१२ नावे आली. बंगळूरची दोन मुले माझ्यावर थोडी नाराज होती आणि ती नाराजी मला रास्त वाटली. पहाटे तीनला उठून आलेल्या माणसाला घरी नेण्यासाठी काहीतरी हवे असते.

परवानग्यांचे काम त्या मानाने सोपे गेले. ग्रँड अनिकट कालवा १९३४ साली मेट्टूर धरणाबरोबर वाहता झाला. लोक त्याला अजूनही ‘पुदु आरु’, म्हणजे नवी नदी, म्हणतात. त्याचा बांध जलसंपदा खात्याचा. हे खाते २०२१ पर्यंत सार्वजनिक बांधकाम खात्याचाच भाग होते, त्यामुळे जुना अर्जनमुना चालेल की नवा, यात आठवडा गेला. पोलिसांना कळवणे, ग्रामपंचायतींना पत्रे, खाजगी रुग्णवाहिका, कारण १०८ ची गाडी शर्यतीसाठी अडवून ठेवता येत नाही आणि ठेवूही नये. तारीख मात्र आमच्या हातात नव्हती. मेट्टूरचे पाणी नेमाप्रमाणे १२ जूनला सुटते आणि २८ जानेवारीला बंद होते. वाहत्या कालव्याच्या काठाने सायकली पळवणे मला मान्य नव्हते. ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस, मार्चपासून ऊन. उरला फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. सायकली सहा वाजता, धावणारे अर्ध्या तासाने, म्हणजे अरुंद बांधावर कोणी कोणाला मागून धडकणार नाही.

फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा म्हणजे सांबा भाताची काढणी, हे मला आठवायला हवे होते. चौतीस वर्षे या राज्यात नोकरी केलेल्या माणसाला आठवायलाच हवे होते.

आदल्या दिवशी संध्याकाळी वाट बघायला गेलेल्या मुलांचा फोन आला. चौदाव्या किलोमीटरला एका गावापाशी तीनशे मीटरचा डांबरी तुकडा आहे, त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत भात वाळत घातले आहे. दहा दिवसांपूर्वी तिथे काही नव्हते. “सर, ठाण्यात एक फोन केलात तर तासाभरात मोकळे होईल,” शिक्षक म्हणाला.

तो फोन मी पूर्वी एकदा केला होता. फोन कसला, लेखी आदेशच. नव्वदच्या दशकात मी याच भातपट्ट्यातील एका उपविभागाचा अधिकारी होतो. कुठल्यातरी जनजागृतीसाठी सायकल फेरी निघायची होती, मान्यवर झेंडा दाखवणार होते आणि मार्गावर भात पसरलेले होते. ‘मार्ग निर्वेध करावा’ अशी एक ओळ मी लिहिली. माझ्या कर्मचाऱ्यांनी भात फळ्यांनी ओढून कडेच्या चरात लोटले. फेरी वीस मिनिटांत गेली. त्या रात्री अवेळी पाऊस आला. आठवड्याने एका शेतकऱ्याचा अर्ज आला, भाताला मोड आल्याचा. सोबत मूठभर दाणे कागदात बांधून जोडलेले. सार्वजनिक रस्त्यावर धान्य वाळवणे हेच मुळात नियमबाह्य असल्याने नुकसानभरपाईचा प्रश्न उद्भवत नाही, असे उत्तर माझ्या सहीने गेले. उत्तर कायद्याने बिनचूक होते. दाण्यांची पुडी कित्येक दिवस माझ्या टेबलाच्या खणात होती. पुढे बदली झाली तेव्हा ती कोणी फेकली मला ठाऊक नाही. त्या शेतकऱ्याचे नाव मी विसरलो आहे. अर्जाचा कागद फिक्या निळ्या रंगाचा होता, एवढे आठवते.

शिक्षकाला मी म्हणालो, फोन नको, गाडी काढा.

पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. भाताच्या राशीपाशी एक वृद्ध बाई आणि तिचा नातू राखण करत बसले होते. खरेदी केंद्रावर ओलावा १७ टक्क्यांच्या वर निघाला म्हणून माल परत पाठवला होता. अजून दोन उन्हे मिळाली की होईल, असे तिचे म्हणणे. “अय्या, उद्या सकाळी उचलून नेऊ कुठे? अंगणात चिखल आहे,” ती म्हणाली. मी तिला उचला असे म्हटलेच नव्हते, पण माझे बोलणे, शर्ट आणि गाडी पाहून तिने ते गृहीत धरले. इतक्या वर्षांनी ते मला लागले.

आम्ही बॅटरी घेऊन बाजूच्या शेतात उतरलो. कापणी झालेली होती, जमीन बरीच सुकली होती, धसकटे टोचत होती. शेत तिच्या दिराचे. त्याला उठवून विचारले. तो हसला आणि म्हणाला, सायकल चालणार नाही यात. चालणार नाही, उचलून नेतील, मी म्हणालो. मराठी मुलाने रात्री अकरापर्यंत चुन्याची रेघ ओढली. एक साप दिसला; पाणसाप होता, पण आमच्या डॉक्टरांनी ज्या उडीने बांध गाठला ती पाहता त्या वर्षाचा पहिला क्रमांक त्यांनाच द्यायला हवा होता.

सकाळी १३० सायकलवाले खांद्यावर सायकली घेऊन तीनशे मीटर धसकटांतून चालत गेले. काहींनी तोंडे वाकडी केली. पुढे असलेल्या एकाने नंतर लेखी तक्रार दिली की या अडथळ्याची पूर्वसूचना नव्हती. ती तक्रार योग्य होती आणि मी तिला उत्तर लिहिले. या वेळी नियम न सांगता क्षमा मागितली. धावणाऱ्यांना मात्र तो तुकडा आवडला. म्हातारी राशीपाशी बसून येणाऱ्या प्रत्येकाला पाणी देत होती, ते आमच्या नियोजनात नव्हते. शेवटचा धावपटू, साठीचा एक पोस्टमन, साडेदहाला छत्रापाशी पोहोचला. तोपर्यंत वहीवाला आणि इडल्या, दोन्ही थांबवून ठेवले होते.

हिशेब असा झाला. जमा २,४९,६००. खाण्याचे ३४,३२०, रुग्णवाहिका व इतर ४१,०००. शिल्लक १,७४,२८०.

बॅटऱ्या वाटायला महिन्याभराने त्या गावीही गेलो. म्हातारीने बॅटरी हातात घेतली, पेटवली, भिंतीवर उजेड पाडून पाहिला, आणि विचारले, “सेल संपल्यावर?”

आमच्यापैकी कोणाकडे उत्तर नव्हते. चार्जिंगच्या बॅटऱ्या आम्ही मुद्दामच घेतल्या नव्हत्या. त्यांची पिन सहा महिन्यांत जाते. सरफोजीराजांनी छत्राला जमीन लावून दिली होती आणि आम्ही एका सकाळीपुरती शर्यत घेतली होती. परतताना गाडीत त्याच विषयावर वाद झाला. शेवटी उपकरणांनंतर उरलेल्या रकमेतले चाळीस हजार बँकेत मुदत ठेवीत टाकायचे ठरले. व्याज वर्षाला साधारण अडीच हजार येते. सेल गावच्या किराणा दुकानात ठेवतो आणि दुकानदार वहीत सही घेऊन देतो. मार्चअखेर ती वही मी तपासली. दोन सह्या एकाच हाताच्या वाटतात. पुढच्या खेपेला विचारणार आहे.