हेल्पर

‘हेल्पर’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो अब्बांच्या गॅरेजमध्ये. अब्बा गाडीखाली आडवे होऊन नुसता हात बाहेर काढत आणि ‘बारा-तेरा’ म्हणत. हेल्पर तो पाना हातावर ठेवी. पाना कुठल्या खोक्यात आहे, याची फिकीर अब्बांना नसे.

आज मी वेबसाइट तपासणाऱ्या टेस्ट लिहितो. २००४ साली जेसन हगिन्स यांनी सुरू केलेल्या सेलेनियमच्या मदतीने प्रोग्रामच ब्राउझर उघडतो, रकाने भरतो, बटणं दाबतो. सुरुवातीला मी प्रत्येक टेस्टमध्ये लॉगिनच्या त्याच चार ओळी चिकटवत असे. एक दिवस लॉगिन बटणाचा आयडी बदलला आणि ४० टेस्ट आडव्या झाल्या. ४० ठिकाणी दुरुस्ती करताना अक्कल आली. मग लॉगिनची एकच हेल्पर मेथड लिहिली. तिला नाव आणि पासवर्ड द्यायचा, बाकीचं ती बघते.

दुसरा त्रास वाट पाहण्याचा. पान उघडतं, पण बटण जरा उशिराने येतं. म्हणून मी जागोजागी ‘५ सेकंद थांब’ असं लिहिलं होतं. अशा २०० जागा म्हणजे जवळपास १७ मिनिटं नुसती बसून! ते सगळं काढून बटण दाबणारी हेल्पर लिहिली. बटण दाबण्याजोगं होईपर्यंत, फार तर १० सेकंद, थांबायचं. लवकर आलं तर लवकर पुढे जायचं.

इथवर ठीक होतं. पण टेस्ट अधूनमधून उगाच लाल होत, म्हणून मी एक हुशारी केली. तीनदा दाबूनही बटण दबलं नाही, तर हेल्परने एक्सेप्शन गिळायचं, लॉगमध्ये एक ओळ लिहायची आणि पुढे जायचं. दुसऱ्या दिवसापासून सगळं हिरवं. सगळे खूश, मीही.

काही आठवड्यांनी तक्रार आली. विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीचा अर्ज जमाच करता येत नव्हता आणि शेवटची तारीख दोन दिवसांवर होती. लहान स्क्रीनवर खाली नव्याने लावलेली सूचनेची पट्टी ‘जमा करा’ बटणावर चढून बसली होती. माझी टेस्ट तीनदा त्या पट्टीवर आपटून मुकाट्याने पुढे जात होती. शेवटी ती फक्त पानाचं शीर्षक तपासत होती आणि ते अर्जाच्या आणि पोचपावतीच्या, दोन्ही पानांवर एकच होतं.

पट्टी त्याच दिवशी हलवली गेली, तारीखही वाढवून मिळाली. पण तोवर किती मुलांनी नाद सोडून दिला असेल, ते मला कधीच कळणार नाही.

अब्बांच्या हेल्परला एकच गोष्ट माफ नव्हती. बोल्टचे आटे गेले असतील आणि तो न सांगता वरून चाक बसवून मोकळा झाला, तर अब्बा त्याला त्या दिवशी घरी पाठवत.

मी ते एक्सेप्शन गिळणं काढून टाकलं. आता बटण दबलं नाही तर हेल्पर तिथेच थांबते, कुठल्या पानावरचं कुठलं बटण ते सांगते आणि स्क्रीनशॉट काढून ठेवते. अर्ज खरंच जमा झाला का, हे टेस्ट स्वतः अर्ज क्रमांक पाहून ठरवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ११ टेस्ट लाल होत्या. साहेबांनी विचारलं, “काल तर सगळं ठीक होतं ना?”

“नव्हतं,” मी म्हणालो. “काल मी ते दिसू देत नव्हतो.”