एका पावसावर पेरणी नको

पालकहो, जूनमध्ये पहिली सर कोसळली की आपल्या मराठवाड्यातील शेतकऱ्याचे हात पेरणीसाठी शिवशिवू लागतात. कृषी विभाग मात्र दरवर्षी बजावतो की, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणीची घाई करू नये. दुबार पेरणीचा खर्च सोसलेल्या घराला या सूचनेचे मोल सांगावे लागत नाही. परंतु तेच घर पाचवीतल्या लेकराच्या एका सराव-चाचणीवरून त्याच्या बुद्धीविषयी आणि भवितव्याविषयी निर्णय करून मोकळे होते. मी औशात प्राथमिक शिक्षक आहे. दिवाळीनंतर नवोदय विद्यालयाच्या निवड परीक्षेचे सराव जोरात सुरू झाले की अनेक आईवडील गुणपत्रक हाती घेऊन भेटायला येतात. ते कसे वाचावे, याविषयी आज आपल्याशी बोलायचे आहे.

या परीक्षेचे आकर्षण अनाठायी नाही. १९८५-८६ मध्ये देशात जी पहिली दोन नवोदय विद्यालये निघाली, त्यांपैकी एक आपल्या अमरावतीचे होते. शिक्षण, निवास आणि भोजन यांचा भार सरकार उचलते, आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी असतात. कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या घराला याहून मोठा आधार कोणता? पण एका विद्यालयात सहावीसाठी जास्तीत जास्त ८० मुले घेतली जातात, आणि मुलाला ही परीक्षा एकदाच देता येते. त्यातच हा ‘लातूर पॅटर्न’चा जिल्हा. दहावी-बारावीसाठी रुजलेली चाचण्यांची शिस्त आता दहा वर्षांच्या मुलांपर्यंत येऊन पोहोचली आहे. म्हणूनच घरात सराव-चाचणीचा आकडा आला की सगळ्यांचा श्वास रोखला जातो.

आता त्या आकड्याची घडण पाहू. प्रश्न ८०, गुण १०० आणि वेळ दोन तास. म्हणजे प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण. चुकीच्या उत्तराचे गुण वजा होत नाहीत आणि प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात. समजा, मुलाने २० प्रश्नांची उत्तरे केवळ अंदाजाने नोंदवली. सरासरीने त्यांतली पाच बरोबर येतील. परंतु एखाद्या रविवारी तीन येतील, तर पुढच्या रविवारी सात. चार प्रश्नांचा हा फरक म्हणजे पाच गुण झाले! मुलाच्या ज्ञानात तसूभरही बदल नसताना आकडा पाच गुणांनी वर जातो किंवा खाली येतो. म्हणून ६२.५ नंतर ६७.५ आले म्हणून पेढे वाटू नयेत, आणि ६७.५ नंतर ६२.५ आले म्हणून रात्रीचा अभ्यास वाढवू नये. पाच-सहा चाचण्यांचे गुण ओळीने मांडावेत आणि त्यांचा कल पाहावा.

वेगवेगळ्या परीक्षांची टक्केवारीही एकमेकींशी ताडून पाहू नये. नवोदयच्या १०० गुणांत मानसिक क्षमतेला ५० गुण आहेत, तर अंकगणित आणि भाषा यांना प्रत्येकी २५. सैनिक शाळेच्या सहावीच्या प्रवेशपरीक्षेत मात्र ३०० पैकी १५० गुण एकट्या गणिताला आहेत. आकृत्यांत रमणारे मूल पहिल्या परीक्षेत चमकेल आणि दुसरीत मागे पडेल. त्यावरून ते ‘घसरले’ असे ठरत नाही. शिकवणीतल्या क्रमांकाचेही तेच. तो क्रमांक त्या दिवशी शेजारी कोण बसले होते, एवढेच सांगतो. प्रत्यक्ष निवडीत ग्रामीण जागा, मुलींच्या जागा आणि सामाजिक आरक्षण असे अनेक भाग असतात. त्यामुळे शिकवणीतल्या क्रमांकावरून निवडीचे भाकीत करता येत नाही.

मग पाहावे काय? बेरीज बाजूला ठेवून प्रश्नपत्रिका उघडावी आणि चुकांचे तीन ढीग करावेत: न येणारे, येत असून चुकलेले आणि वेळेअभावी राहिलेले. अंदाजाने सोडवलेल्या प्रश्नाच्या क्रमांकापाशी प्रश्नपत्रिकेवर छोटा ठिपका द्यायला मुलाला सांगावे. म्हणजे नशिबाने मिळालेले गुणही ओळखता येतात.

दोन वर्षांपूर्वी वर्गातील एका मुलीचे गुण ६१.२५, ६६.२५, ६० आणि ६७.५ असे आले होते. वडिलांना वाटले, पोरगी मन लावत नाही. आम्ही तिघांनी चारही प्रश्नपत्रिका सतरंजीवर पसरल्या. न येणारे प्रश्न थोडेच होते. चुका एकवटल्या होत्या शेवटच्या भाषा विभागात, म्हणजे ज्या मराठी उताऱ्यांचे वाचन तिला सर्वांत प्रिय होते तिथेच! कागदाची घडी घालून छिद्रे पाडल्याच्या आकृत्यांवर ती इतका वेळ रेंगाळे की उताऱ्यांसाठी जेमतेम दहा मिनिटे उरत. मानसिक क्षमतेच्या ४० प्रश्नांना एक तास, म्हणजे दर प्रश्नाला दीड मिनिट. तेवढ्यात उकलले नाही तर पुढे जायचे, एवढेच तिने ठरवले. तिला अधिक अभ्यास नव्हे, घड्याळाची ओळख हवी होती.

काही चुकांचे मूळ अभ्यासात नसून शरीरात असते, आणि या पाक्षिकाच्या वाचकांनी तिकडे आवर्जून लक्ष द्यावे. आरशातील प्रतिमा ओळखताना किंवा उत्तरपत्रिकेवरील वर्तुळे रंगवताना ओळ वारंवार चुकत असेल, फळ्याकडे पाहताना मूल डोळे बारीक करीत असेल, तर रागावण्याआधी डोळे तपासून घ्यावेत. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज ९ ते १२ तास झोप लागते. पहाटे चारला उठवून सोडवून घेतलेली प्रश्नपत्रिका मुलाची नव्हे, त्याच्या थकव्याची परीक्षा घेते. चाचणीच्या दिवशीच पोट दुखत असेल तर ते ‘नाटक’ समजू नये. ताणाने होणारी पोटदुखी खरीच दुखते. दुखण्याने रात्री जाग येत असेल, वजन घटत असेल किंवा वारंवार उलट्या होत असतील, तर मात्र ताणावर खापर न फोडता डॉक्टरांकडे जावे.

आणि एक गोष्ट कोणतीच सराव-चाचणी मोजत नाही: अकराव्या वर्षी आई-वडिलांना सोडून वसतिगृहात राहण्याची मुलाची तयारी. ते प्रश्नपत्रिकेत शोधू नका. मुलालाच विचारा, आणि उत्तर मनाविरुद्ध आले तरी ऐकून घ्या.

त्या मुलीचे पुढचे गुण सत्तरीच्या पुढे स्थिरावले. तरीही निवड यादीत तिचे नाव आले नाही. यादी छोटी असते आणि चांगली तयारी केलेली मुले पुष्कळ असतात. निकालानंतर तिचे वडील मला म्हणाले, “गुरुजी, पोरीला काय येतं आणि कुठं अडतं, हे मला पहिल्यांदा कळलं.” ती आता औशातल्याच शाळेत सातवीत आहे. गणिताची चाचणी झाली की चुकांचे तीन ढीग स्वतःच करते आणि कोणत्या ढिगावर काम करायचे, ते घरी सांगते.