वेबसाइटवाल्यांची तालीम

कोल्हापुरात छंदांना तोटा नाही. फुटबॉलचा मोसम आला की पेठांतल्या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात. कोणी कळंबा तलावावर पक्षी पाहतं, कोणी पन्हाळा-विशाळगडाची वाट तुडवतं, कोणी जुनी नाणी जमवतं, कोणी मुशायरा भरवतं. अशा प्रत्येक मंडळात एक 'कॉम्प्युटरवाला' असतो. पोटापाण्याचा धंदा वेगळा, पण मंडळाची वेबसाइट त्याच्या गळ्यात पडलेली. मानधन म्हणाल तर चहा. तो पुण्याला नोकरीला गेला की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. डोमेनचे पैसे भरायचं कोणाच्याच लक्षात राहत नाही, आणि कित्येक वर्षांचे निकाल, फोटो, नोंदी एका सकाळी दिसेनाशा होतात.

मी त्यातलाच एक. मुशायऱ्याच्या मंडळाचं काम बघतो. बाकीच्या मंडळांतल्या अशा मुलांशी ओळख झाली, तेव्हा कळलं की आम्ही सगळे तीच विहीर वेगवेगळ्या ठिकाणी खणत होतो.

आमच्या अडचणी इंग्रजी पुस्तकात सापडत नाहीत. जुनी स्मरणिका श्रीलिपीत टाइप केलेली असते. ती युनिकोडमध्ये आणल्याशिवाय वेबसाइटवर नुसती अगम्य अक्षरं दिसतात. खेळाडूंची यादी लावली तर 'ळ' हा 'ल'च्या शेजारी येऊन बसतो, कारण युनिकोडच्या तक्त्यात त्याची जागा तिथे आहे. आपल्या बाराखडीत तो 'ह'नंतर येतो, म्हणून क्रमवारी मराठीची आहे हे संगणकाला सांगावं लागतं. नुक्त्याचा घोळ तर खास आमचा. 'ग़ज़ल'मधला 'ज़' दोन प्रकारे साठवता येतो, एकच अक्षर म्हणून किंवा 'ज' अधिक नुक्ता म्हणून. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण शोध घेतला की अर्ध्या ग़ज़ला सापडतच नाहीत. त्याच पानावर उर्दू शेर द्यायचा तर तो उजवीकडून डावीकडे वाहायला हवा आणि नस्तालिक फॉन्टही लागतो.

हे प्रत्येकाने स्वतः शोधून, रात्री जागून सोडवलं होतं. मग आम्ही सातजणांनी ठरवलं की सोडवलेलं एका जागी ठेवायचं. फॉन्ट बदलण्याची, यादी लावण्याची, सामन्यांचं वेळापत्रक दाखवण्याची तयार कोडं. मुक्ता, बालू यांसारखे मोफत आणि खुल्या परवान्याचे फॉन्ट. प्रत्येक वस्तूसोबत एक पान मराठीत: ही काय आहे, कशी बसवायची, बिघडली तर कुठे बघायचं. ते पान नसेल तर वस्तू आत घ्यायची नाही. आणि दुसरा नियम, किल्ली कधीच एकाकडे राहणार नाही. पासवर्ड दोघांकडे आणि डोमेनची तारीख सगळ्यांच्या कॅलेंडरवर.

हा विचार काही आमचा नवा नाही. मराठी विकिपीडिया 2003 साली सुरू झाला. पुढच्याच वर्षी विकिमीडिया कॉमन्स आलं आणि एकदा चढवलेलं चित्र सगळ्या भाषांना वापरता येऊ लागलं. साच्यांचं मात्र तसं झालं नाही. इंग्रजी विकिपीडियावरचा साचा मराठीत हवा असेल तर कोणा स्वयंसेवकाने तो उचलून आणायचा आणि दुरुस्त करायचा. मूळ साचा बदलला की आपला मागे पडतो. म्हणून आम्ही कोडाच्या प्रती वाटत नाही. मूळ एकच ठेवतो आणि दुरुस्तीही तिथेच करतो.

सर्वांत जास्त चर्चा झाली ती दिनदर्शिकेवर. कोल्हापूरच्या अनेक तालमींत गणपतीही बसतो आणि मोहरमचे पंजेही बसतात. 2018 आणि 2019 साली दोन्ही एकाच वेळी आले होते. हिजरी वर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान असल्याने असा योग साधारण तेहतीस वर्षांनी येतो. हिजरी तारीख गणिताने काढता येते, पण महिना चांद दिसण्यावर ठरतो. म्हणून आमच्या कोडात तारीख एका दिवसाने पुढेमागे करण्याची सोय आहे.

जून 2023 मध्ये मोबाइल स्टेटसच्या वादावरून शहरात तणाव झाला. 7 तारखेला दगडफेक, लाठीमार झाला आणि इंटरनेट बंद करण्यात आलं. ते सुरू झालं तेव्हा आमच्यातल्या एकाने लिहिलं की हिजरी तारखांचा भाग सध्या काढून ठेवू, उगाच कोणाच्या डोळ्यावर नको. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याला आमची काळजी होती. मी गप्प राहिलो. त्या दिवसांत अशा प्रश्नावर आपण बोलावं की नाही, याचाही हिशेब आमच्यासारख्याला करावा लागतो. उत्तर दिलं ते तालमीची वेबसाइट बघणाऱ्या पोराने. तो मुसलमान नाही. त्याने एवढंच लिहिलं, "काढलंस तर आमच्या तालमीचं वर्षाचं वेळापत्रक अर्धंच राहील. मग मी काय दाखवू?" त्यावर पक्षीवाल्याने लिहिलं की तलावाच्या पानावर बगळ्याच्या जागी करकोचा लागलाय, कोणीतरी बघा. विषय तिथे मिटला. तो भाग आजही आहे.

मला त्या उत्तरातली एक गोष्ट आवडली. त्यात एकोप्याचं भाषण नव्हतं, कामाची अडचण होती. सामायिक वस्तूचा हा गुण आहे. ती रोज वापरात असली की तिच्यातून एकाचा वाटा काढणं दुसऱ्यालाही गैरसोयीचं होतं.

'तालीम' हा अरबी शब्द. उर्दूत त्याचा अर्थ शिक्षण, मराठीत आखाडा. कोल्हापूरला दोन्ही अर्थ चालतात. तालमीत एक रिवाज आहे: जुन्याने नव्याला डाव शिकवायचा आणि लाल माती सगळ्यांनी मिळून खोरायची. आमच्या कोडाच्या तालमीतही तेच चालतं. तुमच्या मंडळात असा एखादा चहावर राबणारा कॉम्प्युटरवाला असेल, तर त्याला आजच विचारा, किल्ली दुसऱ्या कोणाकडे आहे का?