इट म्हंजे कोन शे?

जून संपत आला होता आणि पारोळा तालुक्यातल्या आमच्या शाळेच्या पत्र्यावर वर्षातला पहिला धड पाऊस वाजत होता. पत्रा वाजायला लागला की शिकवता येत नाही. मी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं, ‘इट इज रेनिंग’, आणि खिडकीबाहेर बोट दाखवून उभी राहिले. पाचवीच्या पोरांना अर्थ कळला होता. तरी तिसऱ्या बाकावरचा एक जण उठला आणि पावसाच्या वर आवाज चढवून म्हणाला, “मॅडम, इट म्हंजे कोन शे?”

माझी नोकरी तेव्हा जेमतेम तीन वर्षांची. अध्यापक विद्यालयात घोटलेलं उत्तर तयार होतं: हा नावापुरता कर्ता, त्याला अर्थ नसतो, पाठ करून टाक. मी ते सांगितलं आणि तो बसला. पण आठवडाभराने वह्या तपासायला घेतल्या तर निम्म्या वर्गाने ‘रेन इज रेनिंग’ किंवा ‘वॉटर इज फॉलिंग’ लिहिलं होतं. त्यांचं बरोबरच होतं. त्यांच्या घरात पावसाला पाणीच म्हणतात. ‘पानी पडी राह्यना’ असं आजी ओसरीवरून अहिराणीत सांगते, तेव्हा पडणारा कोणीतरी असतो आणि तो दिसतो. या मुलांना मी दिसणारा पाऊस काढून घेऊन न दिसणारा ‘इट’ दिला होता.

खरं उत्तर पुढे मराठीच्या तासाला सापडलं. मराठीच्या सरांच्या रजेत आठवीवर गेले होते, धडा होता भावकर्तृक क्रियापदांचा. उजाडलं. सांजावलं. गडगडतंय. मी सवयीने विचारलं, “कोण उजाडलं?” वर्ग गप्प. कोणीच नाही. मराठी तिथे कर्त्याची जागा सरळ मोकळी सोडते आणि कोणाचं काही अडत नाही. इंग्रजीला मात्र ती जागा मोकळी चालत नाही.

दुसऱ्या दिवशी पाचवीत गेले ती उपमा घेऊनच. बाजाराच्या दिवशी पारोळ्याच्या स्टँडवर धुळ्याची गाडी लागते तेव्हा लोक काय करतात? पोरं ओरडली, “रुमाल टाकतस!” खिडकीतून पांढरा बागायती रुमाल सीटवर पडतो. माणूस अजून खालीच असतो, पण जागा धरली जाते. ‘इट’ म्हणजे तो रुमाल. त्या दिवसापासून त्या वर्गात ‘रेन इज रेनिंग’ पुन्हा आलं नाही. आणि ज्याने प्रश्न विचारला होता त्याने स्वतःहून पुढचं वाक्य रचलं, ‘इट इज व्हेरी हॉट’, आणि म्हणाला, “हाऊ बी रुमालच.”

एका प्रशिक्षणात आम्हाला बजावलं होतं की मुलांची बोली वर्गाच्या दाराबाहेर ठेवा. मी ते ऐकलं नाही, त्याचं मला समाधान आहे. पुस्तकातलं ‘पाऊस पडत आहे’ ही मुलं आयुष्यात कधी म्हणत नाहीत. ‘पडी राह्यना’ मात्र दिवसातून दहादा म्हणतात, आणि त्यात चालू काळाची दोन्ही अंगं सुटी सुटी ऐकू येतात: एक पडण्याचं आणि एक राहण्याचं. ‘रेनिंग’ आणि ‘इज’ त्यावर नेमके बसतात. अहिराणी बोलणाऱ्या पोराला हा काळ शिकवावा लागत नाही, ओळखून द्यावा लागतो.

अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी शिक्षक होते, १९२४ ते १९३०. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढायचे. त्या दैनिकाचा आधार मनात धरून मी वर्गाच्या भिंतीला एक वही टांगली. रोज एकाने हवेबद्दल इंग्रजीत एक ओळ लिहायची, बस. मोजायला प्लॅस्टिकची बाटली कापून पाऊस धरायचा. हवामान खात्याच्या लेखी २.५ मिलिमीटर पडला तरच तो पावसाचा दिवस, हे सांगितल्यावर भांडणं वाढली. आज ‘रेन्ड’ की नुसतं ‘ड्रिझल्ड’? भुरभुर म्हणजे ड्रिझल, सर म्हणजे शॉवर, इथपर्यंत जमलं. झड लागते तिला एका शब्दात काय म्हणायचं, ते इंग्रजीतून मला अजून काढून देता आलेलं नाही. तिथे मुलं तीन-चार शब्दांची मोळी बांधतात, आणि मी ती चालू देते.

या वहीने मला सर्वांत मोठी मदत केली ती ‘सिन्स’ आणि ‘फॉर’च्या बाबतीत. मराठी मुलांची ही जन्माची अडचण, कारण आपला ‘पासून’ दोन्हीकडे चालतो. मृगापासून पाऊस नाही आणि वीस दिवसांपासून पाऊस नाही, दोन्ही ‘पासून’च. नियम सांगून पाहिले, तक्ते टांगून पाहिले. मग २०२३चा ऑगस्ट उजाडला. तोवर माझी बदली धुळ्याच्या बाजूच्या एका गावात झाली होती, आणि वही तिथल्या भिंतीलाही टांगली होती. १९०१पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट तो. आमचा भाग आधीच सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. कपाशी माना टाकायला लागली, आणि खंडाचे दिवस घराघरात बोटांवर मोजले जात होते. माझ्या वर्गातली पोरंही मोजत होती. मी विचारलं, “किती दिवस झाले?” “एकोणीस.” “कोणत्या नक्षत्रापासून?” “आश्लेषा!” मग फळ्याचे दोन भाग केले. ज्याचं नाव घेता येतं ते सगळं एकीकडे: आश्लेषा, नागपंचमी, सोमवार, १९०१. जे बोटांवर मोजता येतं ते दुसरीकडे: एकोणीस दिवस, तीन आठवडे. नाव घेतलं की ‘सिन्स’, मोजलं की ‘फॉर’. ‘इट हॅज नॉट रेन्ड फॉर नाइन्टीन डेज.’ हे वाक्य लिहिताना कोणी अडखळलं नाही. त्या वर्षीच्या चाचणीत हा प्रश्न ज्यांना नेहमी सुटत नाही अशा मुलांनीही सोडवला.

रेडिओवरचा हवामानाचा अंदाज मी तसाच्या तसा वर्गात घेते. ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’, ‘बहुतांश ठिकाणी’ हे निवेदकाचे शब्द नव्हेत, मापं आहेत. विभागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस असेल तर तुरळक, पन्नासपर्यंत काही, पंचाहत्तरपर्यंत बऱ्याच, त्यापुढे बहुतांश. इंग्रजी पत्रकात त्याचेच ‘आयसोलेटेड’, ‘अ फ्यू’, ‘मेनी’, ‘मोस्ट’ होतात. ‘मेनी’ आणि ‘मोस्ट’मधलं अंतर शिकवायला याहून चांगला धडा मला कुठल्याही पुस्तकात मिळालेला नाही, कारण आपलं गाव त्या तुरळकात बसतं की नाही यावर घरी वाद झालेला असतो.

एक चूक मात्र माझी मला सलते. नववीला वृत्तान्तलेखन होतं, शाळेच्या कार्यक्रमाचं. एका मुलीने लिहिलं, ‘दि चीफ गेस्ट वॉज गिव्हन अ कूल वेलकम.’ मी लाल गोल केला, गुण कापला, समासात ‘वॉर्म’ लिहिलं. ती वही घेऊन टेबलाशी आली. मार्च संपत होता, सकाळची शाळा सुरू झाली होती, साडेदहालाच वारा भाजत होता. ती म्हणाली, “मॅडम, उन्हातून आलेल्याला गरम काय द्यायचं?” खरोखर, आमच्याकडे पाहुणा दारात आला की आधी माठातलं पाणी देतात, आणि माणूस आवडला तर त्याला पाहून डोळे निवतात, जिवाला गारवा वाटतो. इंग्रजी ज्या मुलखात वाढली तिथे ऊब हेच प्रेम होतं, हे मी तिला आधी सांगायला हवं होतं, आणि लाल पेन नंतर उघडायला हवं होतं. परीक्षेत ‘वॉर्म’च लिहावं लागतं. पण आता मी हे वाक्य कोणी चुकायच्या आधीच फळ्यावर घेते आणि दोन्ही मुलखांच्या हवेची गोष्ट सांगते.

संकेतार्थी वाक्यांसाठी पुस्तकात नेहमीचं उदाहरण आहे, मी पक्षी असतो तर. त्या ऑगस्टनंतर मी ते बाजूला ठेवलं. पोळ्याच्या आठवड्यात दहावीला म्हटलं, जे घडलं नाही आणि घडायला हवं होतं, त्यावर एक वाक्य लिहा. आपल्याकडे ‘पडला असता तर’ असतंच, सांगाडा तोच आहे. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीचा कागद आला. ‘इफ इट हॅड रेन्ड इन ऑगस्ट, माय फादर वुड नॉट हॅव सोल्ड सोन्या.’

पाच क्रियापदी शब्द, सगळे जागच्या जागी. एवढं निर्दोष वाक्य त्या वर्षी कोणी लिहिलं नव्हतं. मी विचारलं, “सोन्या म्हणजे कोण?”

“बैल, मॅडम.”

पोळा १४ सप्टेंबरला झाला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं, आणि तापीला पूर येऊन हतनूरचे दरवाजे उघडल्याची बातमी आली. सोमवारी शाळा भरली तेव्हा वहीची पाळी तिची होती. बाटलीतलं पाणी पट्टीने मोजून झालं, आकडा लिहिला, आणि खाली तिने सावकाश ओळ लिहिली: ‘इट हॅज बीन रेनिंग सिन्स पोळा.’