एलएलएमला निघण्यापूर्वी

साताऱ्याच्या इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेजातून किंवा सांगलीच्या एन. एस. सोटी लॉ कॉलेजातून एलएलबी झालेली मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा हातात विद्यापीठांची क्रमवारी असते आणि डोक्यात न्यूयॉर्कच्या मोठ्या लॉ फर्मची नोकरी. मी आधी विचारतो, पदवी कोणती घेणार?

अमेरिकेतल्या मोठ्या फर्म नवे वकील घेतात ते मुख्यतः तीन वर्षांच्या जेडीमधून. तिथे सुरुवातीच्या गुणांवर उन्हाळ्यातलं काम मिळतं आणि बहुधा तेच पुढे पक्क्या नोकरीत बदलतं. आपली मुलं मात्र एका वर्षाच्या एलएलएमला जातात. ऑगस्टमध्ये वर्ग सुरू, मे महिन्यात पदवी. माणसं ओळखीची होईपर्यंत वर्ष सरतं. माहितीपत्रकात छापलेला नोकऱ्यांचा घसघशीत टक्का बहुतेक वेळा जेडीवाल्यांचा असतो. अमेरिकन बार असोसिएशन कॉलेजांना जी आकडेवारी जाहीर करायला लावते, तीही जेडीचीच. एलएलएमचं काय झालं, हे तुम्हालाच लेखी विचारावं लागतं: गेल्या वर्षी भारतातून आलेल्यांपैकी किती जण अमेरिकेत राहिले, कोणत्या फर्ममध्ये, कोणत्या व्हिसावर? या प्रश्नाला सरळ उत्तर न देणारं कॉलेज, मग ते कितीही नावाजलेलं असो, मी मुलांना सुचवत नाही.

व्हिसाचा हिशोब त्याहून कडक आहे. पदवीनंतर काम करायला ओपीटीचे १२ महिने मिळतात. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना मिळणारी २४ महिन्यांची वाढ कायद्याच्या पदवीला नाही. त्यातले पहिले काही महिने जुलैच्या बार परीक्षेत आणि निकालाची वाट पाहण्यात जातात. पुढे एच-१बीची सोडत.

इंग्लंडचं गणित वेगळं. २०२१ पासून तिथे सॉलिसिटर होण्याचा रस्ता एसक्यूई परीक्षेतून जातो; नुसत्या एलएलएमने सॉलिसिटर होता येत नाही. लंडनच्या मोठ्या फर्म ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्टसाठी मुलं दोन-दोन वर्षं आधी निवडतात. म्हणून तिथे व्हिसा देणारी फर्म आधी शोधावी, कॉलेज नंतर.

क्रमवारी एका ठिकाणी खरोखर लागते. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी क्यूएस यादीतल्या पहिल्या २०० विद्यापीठांत प्रवेश हवा. पण ती यादी अख्ख्या विद्यापीठाची असते, फर्म पाहतात ते लॉ स्कूल. शिष्यवृत्ती मिळाली तरी मुदत तपासा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत नाव घातलेले भीमराव आंबेडकर १९१६ मध्ये लंडनला ग्रेज इनमध्ये दाखल झाले, आणि बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये त्यांना परतावं लागलं. पैसे जमवून ते १९२० मध्ये पुन्हा गेले, १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. एवढ्या तोलाच्या विद्यार्थ्याचीही तीन वर्षं पैशापायी गेली. तासगावची द्राक्षबाग गहाण टाकून काढलेल्या कर्जाचा हप्ता तर नोकरी लागेपर्यंत थांबत नाही. ज्या घरात हप्ता फेडण्याची दुसरी सोय नाही, तिथे मी स्पष्ट सांगतो की दोन-तीन वर्षं मुंबईच्या फर्ममध्ये काम करा, मग जा. अनुभवी वकिलाला एलएलएमनंतरही जास्त दारं उघडी असतात.

आणि निघण्याआधी सनद घ्या, ऑल इंडिया बार परीक्षा उरकून टाका. परतावं लागलंच, तर दुसऱ्या आठवड्यात वकीलपत्र दाखल करता आलं पाहिजे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचमुळे सातारा-सांगलीच्या वकिलाला हायकोर्टाच्या कामासाठी मुंबई गाठावी लागत नाही.