मधनं सुरुवात

आमच्या शाळेच्या मुलींच्या खो-खो संघासाठी बारा टोप्या करायच्या होत्या. सराव दुपारी साडेतीनला सुरू होतो आणि सोलापूर जिल्ह्यातलं मार्चचं ऊन त्या वेळी फारसं कललेलं नसतं. मुली ओढणी डोक्याला गुंडाळून धावत. वळताना ती सुटायची, पायात यायची. शेवटी वर्गणी काढून गडद निळ्या टोप्या घेतल्या. त्यांवर संघाचं नाव हवं, हे मुलींनीच ठरवलं. नावही त्यांचंच: ‘झुंजार’. छापून घेतलं तर स्वस्त पडेल, असं मी म्हटलं, तर कर्णधार म्हणाली, “बाई, छापलेलं धुण्यात जातं. शिवलेलंच पाहिजे.”

टोपीवर शिवलेलं म्हटलं की मला आजी आठवते. घरात बाळ येणार असलं की तिच्या मांडीवर कुंचीचं कापड यायचं. ती आधी कापडाची घडी घालून नखाने मधली रेघ उठवायची. त्या रेघेवर पहिलं फूल. मग एक पाकळी उजवीकडे, एक डावीकडे. देठाला साखळी टाका, पानाला भरीव टाका. बाळ नऊ महिन्यांचं होईपर्यंत कुंची आखूड व्हायची, तरी ती ट्रंकेतून पुढच्या बाळासाठी निघायचीच. मीही तीच घातली होती. यंत्राच्या भरतकामाकडे मी जरा परकेपणानेच पाहत आले, त्याचं कारण ही कुंची.

सोलापूरच्या पूर्व भागात मागांच्या खडखडाटात वाढलेल्या गल्ल्या आहेत. चादरी, टॉवेल आणि अलीकडे शाळांचे गणवेश. टोप्या घेऊन मी गेले ती अशाच एका गल्लीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे सहा हेडचं भरतकामाचं मशीन होतं. सहा हेड म्हणजे एका रांगेत सहा जागी शिवणाऱ्या सुया, सहाही ठिकाणी एकाच वेळी तेच अक्षर. तिथे काम करणाऱ्या ताई घरच्यांशी फोनवर तेलुगूत बोलत होत्या आणि माझ्याशी सोलापुरी मराठीत. टोपी हातात घेऊन त्यांनी आधी पुढच्या दोन पाकळ्यांमधली उभी शिवण अंगठ्याने दाबून पाहिली.

“ही मधली शिवण लई त्रास देते बघा, बाई.”

सपाट कापडावर अक्षर भरणं सोपं. कापड चौकटीत ताणून बसतं. टोपी गोल असते, वर निमुळती होते, पुढच्या भागाला आतून कडक बकरम असतं आणि नेमकी कपाळाच्या मधोमध ती जाड शिवण येते. तिच्यावर सुई आपटली की जरा सरकते, कधी मोडतेही. टोपी एका दंडगोल चौकटीवर चढवतात आणि चौकटच टोपीला डावी-उजवीकडे फिरवते. नक्षीला उंची मिळते जेमतेम दोन इंच. मशीनचा वेगही कमी करावा लागतो, मिनिटाला सहाशे टाक्यांच्या आसपास.

आधी नमुन्याची एक टोपी झाली. नक्षी दुसऱ्या कुणीतरी सपाट कापडाच्या हिशेबाने केलेली होती. शिरोरेघ एका दमात डावीकडून उजवीकडे गेली आणि कापड आपल्यापुढे ढकलत गेली. शिवणीपाशी बारीक फुगा आला. ‘जा’चा काना तिरका झाला. ‘झु’वरचा अनुस्वार इतका बारीक होता की सुईने त्याच जागी पुन्हा पुन्हा टोचून भोक पाडलं. दुरून वाचलं तर ‘झुजार’. मी ती टोपी हातात धरून गप्प उभी राहिले. ज्यांनी नाव शोधून काढलं, त्यांना हे कसं दाखवायचं?

ताईंनी टोपी माझ्या हातून काढून घेतली. “कडेनं आलो की सगळा झोल मधी जमतो. टोपीला मधनं सुरुवात करायची. खालनं वर जायचं, मधनं कडेला जायचं. मग झोल भायेर पडतो.” आणि त्या स्वतः संगणकापुढे बसल्या. यंत्रासाठी नक्षी अशी बांधण्याला इथे ‘पंचिंग’ म्हणतात. एकेकाळी कागदाला भोकं पाडून यंत्राला नक्षी सांगत. आता भोकं नाहीत, शब्द राहिला.

या यंत्राचा प्रवास मला नंतर वाचून कळला. आल्सासमधल्या म्युलूझच्या हाइलमानने १८२८च्या सुमारास भरतकामाचं यंत्र केलं, तेव्हा त्याने सुईच वेगळी घेतली: दोन्ही टोकं अणकुचीदार आणि नेढं मधोमध. म्हणजे सुई न उलटता कापडातून आरपार जाईल आणि तशीच परत येईल. १८६३ मध्ये स्वित्झर्लंडच्या इसाक ग्रोब्लीने सुईच्या जोडीला मागून धोटा आणला. तो धोटा छोट्या होडीसारखा दिसे, म्हणून यंत्राचं नाव पडलं शिफली, तिथल्या बोलीत ‘होडुकलं’. पुढे १९६४ साली जपानच्या ताजिमा कंपनीने अनेक हेडचं स्वयंचलित यंत्र आणलं आणि त्याच घराण्यातलं हे सोलापूरच्या शेडमधलं यंत्र. माग चालवणाऱ्यांच्या गावाला धोटा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

ताई पडद्यावर एकेक अक्षर नव्याने बांधत होत्या. रोमन अक्षरं तयार मिळतात, पण जोडाक्षरं आणि उकार मनासारखे येत नाहीत, म्हणून मराठी नाव त्या हातानेच बसवतात. प्रत्येक टाका कुठल्या दिशेने पडेल, हे त्या ठरवत होत्या. आधी धावदोऱ्याचा पाया, त्यावर भरीव टाका. मग शिरोरेघ मोठी करून त्यांनी मला दाखवली, तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली. दुरून जी आडवी, सलग रेघ दिसते, ती शेकडो उभ्या टाक्यांची असते. वरचा एकही टाका आडवा नसतो. खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले ते बुटके टाके, आणि त्यांची मिळून रेघ.

शिरोरेघेचा आणखी एक उपकार त्यांनी सांगितला. रोमन अक्षरं सुटी असतात, एकातून दुसऱ्यात जाताना दोरा कापावा लागतो किंवा वरून लोंबतो. मराठीत दोरा शिरोरेघेच्या जागेवरून लपत पुढे जातो आणि रेघ त्याला झाकून टाकते. आता ‘जा’ शिवणीवर पहिला आला, तिथून ‘र’, मग आतूनच परत फिरून ‘झुं’. शिरोरेघही मधूनच निघून एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. अनुस्वार त्यांनी दाण्याएवढा मोठा केला. “हा पडला तर मुलींचं नावच पडलं की.”

मला आजीच्या नखाने उठवलेली ती रेघ दिसली. हात यंत्राने संपवला, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. इथे तर तोच हात, तीच मधली रेघ शोधणारा, सुईच्या आधी काम करून बसला होता.

पाच हजार चारशे टाके. नऊ मिनिटांत सहा टोप्या, पुन्हा नऊ मिनिटांत सहा. एका हेडवर दोरा तुटला तसं सगळं मशीन थांबलं. ताईंनी दोरा ओवला, दोन-चार टाके मागे घेतले आणि सहाही जणी पुन्हा एकत्र निघाल्या.

टोपी उलटी केली तर आत उलटं ‘झुंजार’ होतं. भगव्या दोऱ्याच्या मधोमध बॉबिनच्या पांढऱ्या दोऱ्याची पट्टी. ताण बरोबर असेल तर ही पट्टी अक्षराच्या जाडीच्या एक तृतीयांश येते. चांगलं काम मागच्या बाजूने ओळखायचं, असं ताई म्हणाल्या. आजीही कुंची उलटी करूनच दाखवायची. बाहेरचं नाव वाचणाऱ्यांसाठी. घाम येईल तेव्हा कपाळाला लागणार हा पांढरा दोरा.

दुसऱ्या दिवशी मैदानावर आठ जणी मध्यपाटीवर बसल्या, एकीचं तोंड उगवतीला, दुसरीचं मावळतीला. नववी उभी. तीन जणी राखीव, रेघेबाहेर, त्यांच्याही डोक्यावर त्याच टोप्या. मी शिटी वाजवली. मधल्या पाटीवरून एक उठली, डावीकडे सुटली, ‘खो’ ऐकून दुसरी उजवीकडे. खांबाला वळताना एकीची टोपी उडून मातीत पडली. ती थांबली नाही, थांबायचंही नसतं. राखीवांतली सर्वात लहान पोर धावत गेली, टोपी उचलली, मांडीवर झटकली आणि परत जागेवर येऊन बसली. मग खेळाकडे बघत बघत ती अंगठ्याने ‘झु’वरच्या अनुस्वारातली माती काढू लागली.