अधिक महिना आणि सोडून दिलेली बाकी

१/ जुन्नर-आंबेगावात, तसे पाहता महाराष्ट्रभर, अधिक महिन्यात जावयाला ३३ अनारशांचे वाण देतात. अधिक महिना सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी येतो, तो आकडा अनारशांत पूर्ण झाला. याच ३३ ने भागून अधिक महिने मोजण्याची रीत घाटाखाली, मुरुडजवळच्या नांदगावी, गणेश दैवज्ञांनी शके १४४२ (इ.स. १५२०) च्या ‘ग्रहलाघव’ ग्रंथात दिली.

२/ बारा चांद्रमासांहून सौरवर्ष सुमारे ११ दिवसांनी मोठे. ही तूट साठत जाते. महिना मात्र अर्धा येत नाही. १९ वर्षांत ७ अधिक महिने, म्हणून वर्षाच्या क्रमांकाला ७ ने गुणून १९ ने भागावे आणि बाकी सोडावी: ०, ०, १, १, १, २, २, २, ३, ३, ४. आकडा तिसऱ्या, सहाव्या, नवव्या व अकराव्या वर्षी वाढतो. २०१२, २०१५, २०१८, २०२० या अधिक महिन्यांतील अंतरे हीच.

३/ गणेशांची रीत शके १९४५ च्या गुढीपाडव्यावर लावून पाहावी. १९४५ मधून १४४२ वजा, उरले ५०३. त्याला ११ ने भागून चक्रे ४५, बाकी ८. आठ वर्षांचे महिने ९६. त्यांत चक्रांची दुप्पट ९० आणि १० मिळवून १९६. ३३ ने भागता ५ अधिक महिने. एकूण महिने १०१, तिथी ३०३०. चक्रांचा सहावा भाग साडेसात. ग्रंथकार तो ‘निरग्र’, म्हणजे बाकी सोडून, घ्यायला सांगतात. म्हणून ७, आणि तिथी ३०३७. ६४ ने भागून येणारे ४७ क्षयदिन वजा केले की २९९०.

४/ आता वार. चक्रांची पाचपट २२५ मिळवून ३२१५. ७ ने भागता बाकी २. सोमवार शून्य धरला, तर बुधवार. २२ मार्च २०२३ चा पाडवा बुधवारीच होता! तीन ठिकाणी अपूर्णांक टाकूनही ५०३ वर्षांत एका दिवसाची चूक नाही. चक्राची ती ‘दुप्पट’ म्हणजे अकरा वर्षांच्या भागाकारात उरलेली बाकी जपून ठेवण्याचीच युक्ती.

५/ तरी रीत आंधळेपणाने वापरता येत नाही. त्याच वर्षीच्या ज्येष्ठासाठी हा भागाकार ६ देतो; पंचांगात मात्र अधिक श्रावण, दोन महिने पुढे. गणकाने तिथे पाचच धरायचे असतात.